अर्जात तापच रायते: विदर्भातल्या इंग्रजीच्या वहीची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा आमच्याकडे आठवी-नववीची बरीच बाकं रिकामी असतात. कापूस फुटलेला असतो, वेचणीला मजूर मिळत नाही, घरचेच हात लागतात. पाच-सहा दिवसांनी पोरं उगवली की मी त्यांच्याकडून इंग्रजीत रजेचा अर्ज लिहून घेतो. तसाही तो अभ्यासक्रमात आहेच. मागच्या हंगामात एकाने आणलेला अर्ज अगदी बिनचूक होता. 'अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फिव्हर' आणि खाली 'युवर्स ओबिडियंटली'. बोटांवर मात्र बोंडांच्या टोकांचे ओरखडे.

"ताप होता का रे?"

"नाई सर, कापूस येचाले गेलतो."

"मंग ताप कायले लिवला?"

"अर्जात तापच रायते न सर."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. इंग्रजीत लिहायचं म्हणजे आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं नीट उतरवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा समज त्याच्या एकट्याचा नाही, त्याच्या मास्तरचाही नाही. तो बराच जुना आहे.

२ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉलेने हिंदुस्थानात इंग्रजीतून शिक्षण द्यावं असं सांगणारं आपलं टिपण लिहिलं, तेव्हा विदर्भ इंग्रजांच्या थेट अमलात नव्हता. नागपूर भोसल्यांचं होतं, वऱ्हाड निजामाचं. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. आणि त्याच १८५४ साली शिक्षणाचं सरकारी धोरण ठरवणारा वूडचा खलिता आला. वरच्या शिक्षणाला इंग्रजी, खाली लोकभाषा, अशी त्याची रचना. म्हणजे विदर्भाला इंग्रजी मिळाली तीच दुमजली. खेड्यात मराठी शाळा, इंग्रजीचा मजला शहरात. नागपुरात स्टीफन हिस्लॉपने त्याआधीच मिशनची शाळा काढली होती. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. वऱ्हाडातल्या पोराला हायस्कूल गाठायचं तर अमरावती किंवा अकोला.

तिथवर पोचलेल्याला इंग्रजी हवी होती ती मुख्यतः कचेरीसाठी. शिरस्तेदार, कारकून, वकील. अर्ज, अहवाल, पत्र हे वर्गातले लेखनप्रकार कचेरीतूनच आलेले आहेत. साहेबलोक सरकारी पत्राखाली स्वतःला 'मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' म्हणवून सही करत. आमच्या पोराचं 'ओबिडियंटली' त्याच घराण्यातलं. आणि कचेरीत मसुदा ठरलेला असतो. कारकुनाने त्यात स्वतःचं काही घातलं की तो चुकला.

शिकवण्याची रीत होती भाषांतराची. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करून घ्यायचं, नियम पाठ करून घ्यायचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या पोसल्या, इतक्या की 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दच रूढ झाला. आज त्याला हसतात. मला मात्र त्या रीतीची एक गोष्ट मानावी लागते: त्यात पोराला दोन्ही भाषांतलं वाक्य उलगडून पाहावं लागे. फळ्यावरचं उत्तर उतरवताना तेवढंही करावं लागत नाही.

खेड्यापर्यंत हायस्कूल यायला विसाव्या शतकाची तिशी उजाडली. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू केली आणि कुणब्या-माळ्याच्या पोरांना हायस्कूल आवाक्यात आलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीने आराखडा केला: सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून, मध्यभागी हस्तोद्योग, आणि इंग्रजी नाही. या योजनेचं, म्हणजे नई तालीमचं, काम पुढे सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी चालवलं. पोरं टकळीवर सूत काढू लागली. कापसाच्या मुलखात कापूस वर्गात आला तो तेवढाच एकदा. पण पालकांना कळत होतं की मामलेदाराचा पोरगा टकळी चालवत नाही, तो इंग्रजी शिकतो. योजना पुढे विरली त्याची बरीच कारणं आहेत, त्यातलं हे एक मी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं.

राज्य बदलत गेलं तशी इंग्रजी सुरू होण्याची इयत्ताही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवण्याचं धोरण होतं. १९६० नंतर महाराष्ट्रात ती पाचवीवर आली. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, थेट पहिलीवर. आठवी, पाचवी, पहिली. वाद झाले ते या आकड्यांवर. इंग्रजीच्या तासाला पोराने वाचायचं काय आणि लिहायचं काय, यावर कधी मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

विचार झालाच नाही असं नाही. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बंगालमध्ये एक साधा प्रश्न विचारला होता: पोरगं मध्येच शाळा सोडून गेलं तर त्याच्या हाती काय उरेल? त्याचं उत्तर होतं, वाचता येणं. म्हणून त्याने मोजक्या शब्दांत लिहिलेली, पायरीपायरीने चढणारी वाचनाची पुस्तकं केली. ज्या भागात सातवी-आठवीनंतर पोरी शेतात आणि पोरं बांधकामावर जातात, तिथे याहून कामाचा प्रश्न मला दिसत नाही. आपल्याकडे त्यातलं पोचलं ते 'रॅपिड रीडर' नावाचं पातळ पुस्तक, आणि त्याचेही प्रश्नोत्तरं लिहून घेतले गेले.

पन्नास-साठच्या दशकात वाक्यरचनांची पद्धत आली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली. 'धिस इज अ पेन'पासून सुरुवात. फळ्यावर चौकट आखायची, पहिल्या रकान्यात कर्ता, दुसऱ्यात क्रियापद, तिसऱ्यात उरलेलं. पोरं त्यातून वीस वाक्यं पाडत. वीसही बरोबर. त्यातलं एकही ते पोरगं घरी बोलणार नव्हतं.

२७ जानेवारी १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि पुस्तकं चांगली, स्वस्त, सगळीकडे सारखी झाली. १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली, जुनी अकरावीची मॅट्रिक गेली. पुढे संवाद, माहितीचा तक्ता, उताऱ्यावरून आकृती असे नवे लेखनप्रकार आले. हेतू चांगलाच होता, पोराने स्वतः भाषा वापरावी. पण बोर्डाला लाखो पेपर तपासायचे असतात, आणि जे ठरावीक साच्यात मागितलं जातं त्याचा साचा गाईडवाला दोन महिन्यांत छापतो. २०१८ ला दहावीचं नवं पुस्तक, कुमारभारती, आलं, त्यात कवितेचं रसग्रहण लिहायचं आलं. आता माझ्या वर्गातली पोरं कविता न वाचताही 'द रायम स्कीम इज ए-ए-बी-बी' लिहून मोकळी होतात. निम्म्या वेळा ते बरोबरही निघतं!

त्याच वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले. मार्च २०१९ चा राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि सर्वांत खाली नागपूर विभाग, ६७.२७. पुढच्या वर्षी गुण परत दिले गेले. निकाल पडायला एकटी इंग्रजी कारण नव्हती, पण आधीच्या गुणांखाली किती लेखन झाकलेलं होतं ते तेव्हा दिसलं.

पहिली ते आठवीला २०१० पासून आकारिक मूल्यमापन आहे: तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय. कागदावर हे आजवरचं सगळ्यांत शहाणं पाऊल. प्रत्यक्षात नोंदवह्या भरता भरता शिक्षकाचीच लेखनाची भूक भागते.

आणि मग २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकातच कोरी पानं आली. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून पुस्तकाचे चार भाग केले आणि धड्यांमध्ये नोंदींसाठी पानं सोडली. त्या पानांवर काय लिहायचं हे छापलेलं नव्हतं. जूनच्या अखेरीस शाळा भरली तेव्हा सातवीतल्या पोरींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, इथं काय उतरवाचं?" मी म्हटलं, काल घरी काय झालं ते लिहा. बराच वेळ कुणी पेन उचलला नाही. मग एकीने तीन ओळी लिहिल्या, त्यात बकरी, पाऊस आणि आजी होती, आणि एकही क्रियापद नव्हतं. मी लाल पेन खिशातच ठेवला.

२०२५-२६ पासून ती पानं काढली. आता पुन्हा वेगळी वही, चाररेघी, आठवडी बाजारातून आणलेली.