स्वमग्नता : लहान मुलांतील संभाव्य लक्षणे व मूल्यमापन (गोवा)

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासातील एक वेगळी जडणघडण आहे. तिचा प्रभाव मुख्यतः दोन बाबतींत दिसतो : एक म्हणजे इतरांशी होणारा सामाजिक संवाद, आणि दुसरी म्हणजे वागण्यातील साचेबद्धपणा, ज्यात त्याच त्या कृती करत राहणे, मोजक्याच गोष्टींत रमणे आणि आवाज, स्पर्श, चव यांना अति तीव्र किंवा अगदी मंद प्रतिसाद देणे यांचा समावेश होतो. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. 2013 पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात पूर्वीचे निरनिराळे प्रकार एकाच वर्णपटाखाली (स्पेक्ट्रम) आणले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 127 व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. अनुभवी तज्ज्ञाला दोन वर्षांच्या सुमारास बऱ्यापैकी खात्रीने निदान करता येते. तरीही अनेक मुलांचे निदान शाळेत नाव घालण्याच्या वेळीच होते. प्रस्तुत नोंद एक ते तीन वर्षांच्या मुलांपुरती आणि गोव्यातील परिस्थितीपुरती मर्यादित आहे.

पालकांचे लक्ष सहसा मूल किती शब्द बोलते याकडे असते, पण त्याहून अधिक सांगून जाते ते मूल आपले लक्ष दुसऱ्याबरोबर वाटून घेते की नाही, हे. सकाळी दारावरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दीड वर्षाचे मूल बहुधा त्या दिशेला बोट दाखवते आणि लगेच मागे वळून आईच्या किंवा आजीच्या तोंडाकडे पाहते : तूही ऐकलेस ना, असे त्या पाहण्यात असते. पाव हवा म्हणून बोट दाखवणे वेगळे आणि केवळ दाखवण्यासाठी दाखवणे वेगळे. चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीत, टांगलेले तोरिंजन (मोठे लिंबूवर्गीय फळ) किंवा नारळाचा घड दाखवून घरच्यांना ते पाहायला लावणे हा दुसरा प्रकार होय, आणि स्वमग्न मुलांत बहुधा हाच उशिरा येतो किंवा येत नाही. असे मूल हवी ती वस्तू मिळवण्यासाठी मोठ्यांचा हात धरून तो त्या वस्तूवर नेऊन ठेवते. चेहऱ्याकडे मात्र पाहत नाही.

नऊ महिन्यांच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, वर्षाचे झाले तरी बडबड न करणे किंवा टाटा करण्यासारखे हावभाव न करणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न येणे आणि दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे, ही ठळक लक्षणे मानली जातात. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे म्हणजे दोन शब्द जोडणे नव्हे. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसणे, हात फडफडवणे, टाचा उचलून चालणे, ठरलेल्या वाटेत किंवा क्रमात जरा बदल झाला तरी अनावर होणे, घुमट या तालवाद्यावरची आरती सुरू होताच कान झाकून आकांत करणे यांपैकी एखादीच गोष्ट सुटी दिसली तर तिला फार अर्थ नसतो, कारण ती इतर मुलांतही आढळते. अनेक गोष्टी एकत्र आणि सातत्याने दिसल्यास त्यांची दखल घ्यावी. आलेले शब्द किंवा आलेला संवाद हरवणे हे मात्र कोणत्याही वयात, एकटे असले तरी, त्वरित तपासणीचे कारण आहे. मुलींमध्ये लक्षणे अनेकदा सौम्य वा झाकलेली राहतात आणि निदान मागे पडते.

गोव्यात उशीर होण्यास पुष्कळदा तयार स्पष्टीकरणे कारणीभूत ठरतात. घरात कोंकणी, पूजेपासून वर्तमानपत्रापर्यंत मराठी, नर्सरीत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी, तेव्हा पोर गोंधळले असेल, हे त्यांतले सर्वांत पटणारे, आणि म्हणूनच सर्वांत घातक. एकाहून अधिक भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता होत नाही, आणि बहुभाषक घरातील मूलही बोट दाखवते, हाकेला वळते, नजरेने खुणावते. या गोष्टींना कोणतीच भाषा लागत नाही. त्यामुळे एक भाषा सोडून द्या हा सल्लाही सहसा निरर्थक असतो, शिवाय त्याने आजी आणि नातवातला संवाद तुटतो तो वेगळाच. मुलगे उशिरा बोलतात, बापूसही तीन वर्षांनी बोलला, अशीही समजूत घातली जाते. दिश्ट (दृष्ट) काढणे किंवा देवाकडे गाऱ्हाणे घालून कौल मागणे याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, मात्र त्यासाठी तपासणी पुढे ढकलली जाऊ नये.

गतशतकाच्या मध्यास काही तज्ज्ञांनी थंड स्वभावाच्या आईला दोष दिला होता. ते मत केव्हाच निकालात निघाले असले तरी घरोघरी त्याचे अवशेष टिकून आहेत. स्वमग्नतेत आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा असतो. लसीशी तिचा संबंध जोडणारा 1998 चा निबंध लॅन्सेट नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. मोबाइल कमी केल्याने मुलाशी बोलण्याखेळण्याचा वेळ वाढतो, म्हणून तो कमी करणे योग्यच आहे, पण मोबाइल बंद केला की सगळे सुरळीत होईल म्हणून सहा महिने वाट पाहणे चुकीचे. वडील तारवटी असले, वर्षातले कित्येक महिने बोटीवर असले, तर मुलाचे वागणे त्यांना पडद्यावर तुकड्यातुकड्यांत दिसते आणि संशय व्यक्त करण्याचे ओझे एकट्या आईवर येते.

प्राथमिक चाळणीसाठी एम-चॅट-आर ही वीस प्रश्नांची, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीची प्रश्नावली वापरतात. तिच्यात गुण 3 ते 7 आल्यास पालकांची पुढील मुलाखत घेतात. 8 किंवा अधिक आल्यास मुलाला थेट तज्ज्ञाकडे पाठवतात. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, आणि घरी भरून स्वतःच निकाल लावण्यासाठी ती नाही. मूल्यमापनात विकासाचा इतिहास विचारला जातो आणि मुलाचे खेळणे व वागणे पाहिले जाते. श्रवणचाचणी वगळू नये : पोदेराचा भोंगा ऐकू येतो म्हणून ऐकणे पूर्ण ठीक आहे असे धरता येत नाही. रक्ताची वा मेंदूच्या चित्रणाची अशी कोणतीही एक चाचणी निदान करत नाही; आनुवंशिक तपासण्या काही मुलांत कारण शोधण्यासाठी सुचवल्या जातात. भेटीला जाताना मुलाच्या नेहमीच्या खेळाची व जेवणाची छोटी चित्रफीत नेल्यास उपयोग होतो, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळे वागते.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांमधून मुलांची तपासणी होते व गरजेनुसार त्यांना जिल्हा पातळीवरील लवकर हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग विभाग आणि आयपीएचबी या नावाने ओळखली जाणारी मनोविकार संस्था आहे. मनोविकार संस्थेत जायला पालक कचरतात, तेव्हा बालरोग विभागापासून सुरुवात करणे सोयीचे. सेतू ही संस्थाही गोव्यात बालविकासाच्या क्षेत्रात काम करते. तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत वाचोपचार (स्पीच थेरपी) व व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू करण्यास निदानाची वाट पाहावी लागत नाही.

या संदर्भात गोव्याचे योगदान नोंदवण्याजोगे आहे. 1996 मध्ये येथे स्थापन झालेल्या संगाथ या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्थेने पास या उपचार-संशोधनाच्या चाचणीत भाग घेतला. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक व मूल खेळत असतानाचे चित्रीकरण पालकांनाच दाखवून, मुलाच्या बारीक खुणांना प्रतिसाद कसा द्यावा हे शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. याउलट मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांच्या जाहिरातींवर पैसा घालवणे व्यर्थ आहे. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांखेरीज ते रूढ उपचार म्हणून मान्य नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी वापरतात. ती प्रक्रिया वैद्यकीय निदानाहून वेगळी असून निदान होताच तिची घाई करावी लागत नाही. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेखाली वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते.