हीट अ‍ॅक्शन प्लॅन

उन्हाची लाट आली की कोणी काय करायचं हे शहराने मार्चच्या आधीच ठरवून ठेवायचं, त्याला हीट अ‍ॅक्शन प्लॅन म्हणतात, सरकारी कागदावर उष्णता कृती आराखडा. आपल्या देशात सुरुवात अहमदाबादची. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला आणि नंतर अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी ताडून बघितल्या तर त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त गेलेली. सर्टिफिकेटवर उष्माघात क्वचितच लिहिला जातो, हार्ट नाहीतर किडनी असं काहीतरी पडतं, म्हणून हा हिशोब असा उलट्या बाजूनेच करावा लागतो. २०१३ ला तिथला प्लॅन आला. पुढे नागपूरनेही केला.

प्लॅनमधे भारी मशीन वगैरे काही नाही. हवामान खात्याचा अंदाज आला की यलो, ऑरेंज, रेड असा अलर्ट, मग दुपारी बागा उघड्या ठेवा, पाणपोया भरा, बांधकामावरच्या कामाच्या वेळा सकाळ-संध्याकाळ करा, दवाखान्यात ओआरएस आणि बर्फ तयार ठेवा. अंग ४० अंशांच्या वर तापलंय आणि माणूस असंबद्ध बडबडतोय तर तो उष्माघात, तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, मान, काख, जांघेत बर्फाच्या पिशव्या, अंगावर पाणी आणि जोरात पंखा, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. (खिशातल्या कांद्याने काही होत नाही, आजीने कितीही सांगितलं तरी. कैरीचं पन्हं मात्र जरूर प्या.)

आकड्यावर फार विसंबून चालत नाही. लाट जाहीर करायला मैदानी भागात किमान ४० लागतात, किनाऱ्यावर ३७, पण दमट हवेत घाम वाळतच नाही त्यामुळे तेवढ्यातही माणूस कोसळतो. एप्रिल २०२३ ला खारघरच्या भर उन्हातल्या सोहळ्यात १४ जण गेले, तेव्हा पारा विदर्भाच्या मानाने काहीच नव्हता.

माझ्या मते प्लॅनची कच्ची बाजू म्हणजे रात्र. सगळ्या सूचना दुपारच्या. पत्र्याची खोली दिवसभर तापते, खिडकी एकच, आतली हवा रात्री अकरालाही गरम, अंगाला गारवा मिळतच नाही आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन त्याच थकलेल्या शरीरावर. यावर अहमदाबादने कूल रूफ काढलं, म्हणजे पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुन्याचा नाहीतर पांढऱ्या रंगाचा हात. खोली दोन-चार अंशांनी उतरते, पण हात दरवर्षी नवा मारावा लागतो, पहिल्या पावसात चुना बराचसा वाहून जातो.