अडुळसा: पाला असला तरी औषधच

अडुळशाच्या पानाला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. म्हणून कुंपणाला हे झुडूप सोयीचं. पान वीतभर लांब आणि दोन्हीकडे निमुळतं, फूल पांढरं, त्याच्या खालच्या पाकळीवर जांभळट रेषा. चव मात्र कडूजहर. किडी-जनावरांपासून बचाव म्हणून झाडाने पानात अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी कडू रसायनं, साठवलेली असतात, त्यांतलं मुख्य वासिसीन. हूपर या रसायनशास्त्रज्ञाने ते 1888 मध्ये वेगळं केलं. फळं साठवताना अडुळशाची पानं घालायची जुनी पद्धत होती, तीही बहुधा याच गुणामुळे.

आयुर्वेदात अडुळसा म्हणजे वासा. खोकला, दमा, क्षय आणि रक्तपित्त, म्हणजे नाकातोंडातून रक्त पडणं, यांवर तो सांगितलेला आहे. ताजं पान नुसतं कुटलं तर हाती चोथाच जास्त येतो. त्यावर वैद्यांनी काढलेला उपाय म्हणजे पुटपाक. पानं ठेचून गोळा करायचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात भाजायचा. उष्णतेने पेशी फुटतात, मग गोळा पिळला की रस सुटतो. तो मधातून द्यायचा. पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पतीच्या पेशीची भिंत, हा शब्दही नव्हता तेव्हाची ही युक्ती आहे, आणि मला ती फार आवडते.

आधुनिक औषधशास्त्रानेही इथूनच धागा उचलला. वासिसीनच्या रेणूवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं आणि 1960 च्या दशकात ते बाजारात आलं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे अँब्रोक्सॉल तयार होतं, तेही पुढे स्वतंत्र औषध झालं. घट्ट कफ पातळ करून तो सुटायला मदत करणं हे दोघांचं काम. खोकल्याच्या कितीतरी सिरपच्या बाटल्यांवर ही नावं सापडतील. खुद्द अडुळशाच्या काढ्यावर मात्र माणसांमध्ये मोठ्या, काटेकोर चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. बहुतेक पुरावा प्राण्यांवरचा नाहीतर प्रयोगशाळेतला.

आता दुसरी बाजू. प्रसूती सुलभ व्हावी म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप लावण्याचा उल्लेख परंपरेतच आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेत 1970-80 च्या सुमारास वासिसीनचा अभ्यास झाला, तेव्हा ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं आणि काही प्राण्यांमध्ये गर्भपातही करतं, असं दिसलं. म्हणजे खोकल्यासाठी ज्या पानाचा काढा करायचा, त्यातलंच द्रव्य गर्भाशयावरही काम करतं. त्यामुळे गरोदरपणात अडुळसा पोटात घेऊ नये. ‘झाडपाल्याचं आहे, बाधत नाही’ हे वाक्य इथे सरळ चुकीचं ठरतं. जे गुण देतं ते बाधूही शकतं, आणि परंपरेला हे ठाऊक होतं.

मात्रेचीही पंचाईत आहे. पान कोवळं की जून, तोडलं कोणत्या ऋतूत, सुकवलं कसं, यावर अल्कलॉइडांचं प्रमाण बदलतं. सुकताना वासिसीनचा काही भाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे वासिसिनोनमध्ये बदलतो. ‘चार पानं उकळा’ या सल्ल्यात नेमकं किती औषध पोटात जातं हे म्हणूनच कोणी सांगू शकत नाही. जास्त झालं तर मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. लहान मुलांना अंदाजाने देणं तर टाळावंच. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून अजिबात देऊ नये, कारण मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.

क्षयाचं काय? ब्रोमहेक्झिन आणि अँब्रोक्सॉल क्षयाच्या जिवाणूची वाढ काचपात्रात रोखतात, असं 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. जुन्या वैद्यांचा अनुभव अगदीच निराधार नसावा, असं त्यावरून वाटतं खरं. पण काचपात्रातला परिणाम म्हणजे रोग्याचा उपचार नव्हे. क्षयावर एकाहून अधिक प्रतिजैविकं, सर्वसाधारणपणे सहा महिने, सलग घ्यावी लागतात. अडुळशाने खोकला तात्पुरता हलका झाला तर तपासणी लांबते, आणि तोवर घरातल्या इतरांना लागण होत राहते. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर थुंकी तपासून घ्यायची. बेडक्यात रक्त दिसलं तर दोन आठवडे थांबायचंही नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.