घटातले जव

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या गर्दीत जव मागितले, तर माझ्या हातात पुडी पडली जवसाची. दुसऱ्या दुकानात पांढरेशुभ्र गोलसर दाणे मिळाले, सूपमध्ये घालतात ती बार्ली. ती घटात पेरली असती तर नऊ दिवस नुसती माती बघावी लागली असती, कारण पॉलिश करताना टरफलाबरोबर बहुधा अंकुरही घासला जातो. तिसऱ्या दुकानात एकदाचे टरफलासकट जव मिळाले.

हे टरफल दाण्याला डिंकाने चिकटवल्यासारखं बसलेलं असतं, मळणीतही सुटत नाही. लडाखमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘ग्रिम’ नावाचा जव पिकतो, त्याचा दाणा मळताच मोकळा होतो. फरक एका जनुकाचा. फार पूर्वी कुठल्याशा जवातून डीएनएचा सुमारे 17,000 अक्षरांचा तुकडा गळाला, त्यात ‘नड’ हे जनुक गेलं आणि चिकटवणारा स्निग्ध थर तयार होणं थांबलं. जगातल्या बहुतेक मोकळ्या जवांत हीच तूट सापडते. ओंबीवर दाण्यांच्या रांगा दोन की सहा, हेही मुख्यतः असंच एका जनुकावर ठरतं.

जव स्वतःच्याच परागाने फळतो. त्यामुळे जुन्या वाणाच्या शेतात अनेक शुद्ध घराणी शेजारी शेजारी उभी असतात. शेजार आहे पण सोयरीक क्वचितच, आपल्या चाळीसारखं! कोणी उंच, कोणी बुटका, कुणाची कुसळं लांब, कुणाचा दाणा काळा नाहीतर जांभळा. कोणी लवकर पिकतो, कोणी रेंगाळतो. बियाणं तपासणारा याला भेसळ म्हणेल. मला विचाराल तर या भेसळीतच खरा माल आहे.

इथिओपियाचंच बघा. 1937-38 साली एका जर्मन मोहिमेने तिथल्या शेतांतून जवाचं बियाणं गोळा केलं. त्यातल्या काही वाणांवर भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखा पसरणारा बुरशीचा रोग, पडत नव्हती. कारण मोठं मजेशीर आहे. भुरीच्या बुरशीला पानाच्या पेशीत शिरायला ‘एमएलओ’ नावाचं प्रथिन लागतं. या जवांत ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या अलीकडे त्याच्याच अर्धवट नकला ओळीने येऊन बसल्या आहेत, त्यामुळे जनुकाचं कामच बिघडलं आहे. म्हणजे इथे रोगाशी लढणारं कोणी नाही, ज्या कडीने दार उघडायचं ती कडीच आतून मोडलेली आहे. 1942 साली जर्मनीतच क्ष-किरणांनी याच जनुकात मुद्दाम बिघाड घडवला गेला, पण युरोपातल्या बऱ्याच वाणांत पुढे आला तो इथिओपियाचा बिघाड. 1979 च्या सुमारास तो शेतात उतरला आणि अजून टिकून आहे. एरवी रोगाशी लढणारी प्रतिकारशक्ती बुरशी काही वर्षांत निकामी करते. फुकट काहीच नाही म्हणा, अशा झाडांच्या पानांवर कधी कधी रोग नसतानाही डाग पडतात.

अल्जीरियाचा ‘सहारा 3771’ हाही असाच देशी वाण. ऑस्ट्रेलियातल्या काही जमिनींत बोरॉन इतकं, की जवाची पानं करपतात. हा वाण तिथे तगतो, कारण मुळांतून बोरॉन बाहेर फेकणाऱ्या जनुकाच्या याच्याकडे सुमारे चार प्रती आहेत. 2007 साली हे उलगडलं. ज्याने तो जपला त्या शेतकऱ्याला बोरॉन माहीत असायचं कारणच नव्हतं. जे तगलं, ते त्याने पुढच्या वर्षी पेरलं.