चर्चगेटची जॅझ संध्याकाळ

मुंबईत चर्चगेट स्टेशनापासून मरीन ड्राइव्हपर्यंत वीर नरिमन रोडचा जो छोटासा तुकडा आहे त्याला जुनी माणसं अजून चर्चगेट स्ट्रीटच म्हणतात. १९५० आणि ६० च्या दशकात या रस्त्यावरच्या आणि आजूबाजूच्या हॉटेलांत संध्याकाळ झाली की लाइव्ह बँड सुरू व्हायचे. गेलॉर्ड, अँबॅसेडर, शेजारच्या जमशेटजी टाटा रोडवर अॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे एका ठिकाणी जेवून दुसरीकडे गाणं ऐकायला जाणं सहज जमायचं.

जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत, मुंबईत रुजला तो मात्र ताजमहाल हॉटेलात. १९३५ मध्ये लिऑन अॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन तिथे आला, मग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. गोऱ्या साहेबांना नाचायला म्हणून हा बँड ठेवलेला, पण खरं ऐकलं ते गोव्याच्या पोरांनी, आणि माझ्या मते मुंबईच्या जॅझची गोष्ट तिथूनच सुरू होते.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून गावच्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि नोटेशन शिकवायचे, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत वाचता येणारा मुलगा गावोगाव मिळायचा. पोटासाठी तो मुंबईला यायचा, धोबी तलावाला जेर महलमध्ये आपल्या गावाच्या कुडात (कूड म्हणजे एकाच गावच्या लोकांची स्वस्तात राहायची जागा) ट्रंक टाकायचा आणि काम शोधायचा. नोटेशन येत होतंच, पण जॅझमध्ये कागद बाजूला ठेवून मनाने वाजवायचं असतं, ते तो बुजुर्गांचं ऐकून आणि रेकॉर्डी घासून शिकला. आपल्या गवयांना हे काही परकं नाही, ठरलेल्या चौकटीत दर वेळी नवं सुचलं पाहिजे. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट हा त्यातला सगळ्यात लाडका, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरीच्या बँडसमोर लॉर्ना गायची, जिची कोकणी गाणी आजही गोव्यात घराघरात वाजतात.

हीच माणसं दिवसा फिल्म स्टुडिओत असायची. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि सबॅस्टियन डिसूझा किंवा फ्रँक फर्नांड ती ऐकून व्हायोलिनवाल्यांसाठी, ट्रम्पेटवाल्यांसाठी वेगवेगळे कागद लिहून काढणार, असं ते काम चालायचं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेटने कितीतरी काम केलं, आणि भगवानदादांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये तर तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्यामुळे ज्यांनी चर्चगेटच्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नाही त्यांच्या चाळीतल्या रेडिओवरही हा जॅझ पोचलाच होता, फक्त त्याला कोणी जॅझ म्हणत नव्हतं.

दारूबंदीचा कायदा १९४९ चा, तेव्हा रविवारी सकाळच्या जॅम सेशनला (वादकांनी जमून सुचेल तसं वाजवायची बैठक) कॉलेजची मुलं कॉफी नाहीतर थंड पेय घेऊन बसायची आणि गाणं ऐकायची, नाचायची. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला.

पुढे डिस्को आला, बरेच वादक परदेशी गेले, काही कायमचे स्टुडिओतच रमले, आणि रस्त्यावरचे बँड एकेक करून बंद पडले. तरी १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला. हॉस्पिटल आणि कॉलेज जवळ म्हणून आवाजाच्या नियमांत रंगभवन बसेना आणि तिथले कार्यक्रम थांबले. आजारी माणसाला शांतता हवीच, पण त्या बदल्यात तसं स्वस्त आणि मोकळं दुसरं मैदान शहराने दिलं नाही ही खंत आहेच.

नंतर लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब आला (२००७ ते २०१६). आता जॅझ ऐकायचा तर मुख्यतः नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे नाटक-संगीताचं केंद्र. गेलॉर्ड अजून आहे तिथेच आहे, पण बँड नाही, बाहेरच्या पडवीत लोक चहा पितात.