पाणी सुटणे

पाणी सुटणे : मुंबईतील वस्त्यांमध्ये, महापालिकेच्या चावीवाल्याने झडप उघडल्यावर ठरलेल्या वेळी नळांना पाणी येणे. हे पाणी बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदा, काही तासच असते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. तिथे पहाटे कोणी उठायचे आणि कामावर कोणी उशिरा जायचे, हे पाण्याच्या वेळेवर ठरते.

झोपडपट्टीसाठी धरलेले पाण्याचे मान माणशी रोज ४५ लिटर आहे, इमारतींसाठी १३५. पाच माणसांच्या घराला २२५ लिटर, म्हणजे २०० लिटरचे एक निळे पिंप आणि वर दोन कळशा. अर्धा इंची नळीतून, दाब चांगला असेल तर, पिंप वीसेक मिनिटांत भरते. पण जोडणी बहुधा गटाची असते. पाच घरांत एक नळ असला तर पाचवे पिंप भरेपर्यंत एक तास चाळीस मिनिटे जातात. पाण्याची धार निम्मी झाली की हाच वेळ तीन तास वीस मिनिटांवर जातो, आणि तोवर पाणी गेलेले असते. नंबरावरून जुंपते ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन घरांत.

मुख्य जलवाहिनीपासून निघालेल्या नळ्यांचे जुडगे गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेले असते. पाणी चालू असताना सैल सांध्यातून ते बाहेर गळते. पाणी गेले की नळीतला दाब उतरतो आणि त्याच सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. थेट नळाला मोटर लावली तर पाणी चालू असतानाही तेच होते, शिवाय शेजारचा नळ कोरडा पडतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांचे पाणी धुण्याला ठेवावे, प्यायचे नंतर भरावे. फडक्याने गाळल्यावर माती अडते, जंतू अडत नाहीत. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. क्लोरीनची गोळी टाकल्यास अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळातच संपतो, तेव्हा आधी गाळून घ्यावे.

दहा बाय पंधराच्या खोलीत पिंप मोरीला लागून असते. त्यात हात किंवा तांब्या न बुडवता लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. झाकण घट्ट हवे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर, आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. नुसते पिंप रिकामे केल्याने ती जात नाहीत. आठवड्यातून एकदा आतून खरवडून घासावे लागते. पाणी कमी आले की नेमके हेच काम पुढे ढकलले जाते.

अधिकृत जोडणी बराच काळ, झोपडी १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० पूर्वीची असण्याच्या अटीशी बांधलेली होती. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पाणी येते, हा त्याचा आधार. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण २०२२ मध्ये आले. रेल्वे किंवा इतर केंद्रीय जमिनीवरील वस्त्यांचे घोडे मात्र जमीनमालकाच्या परवानगीपाशी अडते. जोडणी नसलेले घर शेजारच्या गल्लीतून पाणी विकत आणते. तेच २२५ लिटर म्हणजे ३५ लिटरचे सात कॅन, आणि भरलेला प्रत्येक कॅन ३५ किलोच्या वर.