सिम्पोझिऑन आणि कॉन्व्हिव्हियम: पेयपान वेगळं, पंगत वेगळी

मंचकावर डाव्या कोपरावर रेललेले पाहुणे, हातात मद्याचे प्याले, जवळ पावा वाजवणारी बाई. असं जुनं चित्र दिसलं की आपण सरसकट ‘रोमन मेजवानी’ म्हणून मोकळे होतो. पण ते ग्रीक पेल्यावरचं असेल, तर तिथलं जेवण बहुधा केव्हाच उरकलेलं असतं.

ग्रीकांच्या ‘सिम्पोझिऑन’चा शब्दशः अर्थ एकत्र पिणं. आधी जेवण, मग मेजं उचलायची, हात धुवायचे, देवतांना मद्याचं अर्घ्य द्यायचं आणि त्यानंतर खरी बैठक. ती भरे ‘अँड्रॉन’मध्ये, घरातल्या पुरुषांच्या खोलीत. उत्तर ग्रीसमधल्या ऑलिंथस या प्राचीन शहराच्या उत्खननात अशा खोल्या सापडल्या आहेत. भिंतींलगत मंचक नीट मावावेत म्हणून दार मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेलं असे. मद्यात पाणी किती घालायचं हे बैठकीचा प्रमुख ठरवी, कारण बिनपाण्याचं पिणं रानटी समजलं जाई. मग गाणी, वादविवाद आणि ‘कोट्टाबोस’: पेल्याच्या तळाचे थेंब मनगटाच्या झटक्यानं नेमक्या लक्ष्यावर उडवायचे. दक्षिण इटलीतल्या पेस्टम या ग्रीक वसाहतीत, इ.स.पू. 470च्या सुमाराच्या एका थडग्यात, हा खेळ खेळणारे पुरुष भिंतीवर रंगवलेले सापडले.

घरची बाई मात्र या खोलीत येत नसे. येत त्या वादक आणि गणिका. मला या बैठकीतली काव्य-तत्त्वज्ञानाची श्रीमंती मोठी वाटते, पण ती कुणाला बाहेर ठेवून जमली होती हे विसरवत नाही.

रोमन ‘कॉन्व्हिव्हियम’चा अर्थ एकत्र जगणं. इ.स.पू. 44 मध्ये रोमन वक्ता व लेखक सिसेरोनं, आधीच्या काळातल्या वृद्ध राजकारणी कॅटोच्या तोंडून, हा फरक अभिमानानं सांगितला: ग्रीक याला सहपान किंवा सहभोजन म्हणतात, आपल्या पूर्वजांनी निवडलेला शब्द अधिक चांगला. इथे खाणं आणि पिणं सोबतच चाले, आणि पत्नीही मेजवानीला असे. बायकोला मेजवानीला न्यायची कोणत्या रोमन माणसाला लाज वाटते, असं नेपोस हा चरित्रकार ग्रीकांशी तुलना करताना विचारतो.

पण इथे मानपान आडवा येई. ‘ट्रिक्लिनियम’ म्हणजे तीन मंचक, प्रत्येकावर तिघे, आणि कोणाची जागा कुठली हे प्रतिष्ठेवरून ठरे. धाकटा प्लिनी या रोमन लेखकानं एका यजमानाबद्दल चिडून लिहिलं आहे. त्यानं स्वतःला व मोजक्यांना उत्तम पदार्थ वाढले, बाकीच्यांना हलके. मद्यसुद्धा तीन प्रतींचं. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. प्लिनी मात्र सगळ्यांना सारखंच वाढी, कारण त्याच्या मते पाहुणे जेवायला बोलावले होते, त्यांची पायरी ठरवायला नव्हे.

घोटाळा होण्याचं एक कारण रोमनांनीच दिलं. जेवणानंतर ते कधी कधी ग्रीक पद्धतीनं पीत बसत. या ‘कोमिस्साटिओ’त फासे टाकून पिण्याचा प्रमुखही निवडत.

आणि बायका हजर असल्यानं कोणते नियम लागले, ते पाँपेईतल्या एका घरानं आपल्याला सांगून ठेवलंय. इ.स. 79च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या त्या भोजनगृहाच्या भिंतीवर रंगानं लिहिलं होतं: दुसऱ्याच्या बायकोवर वाईट नजर टाकू नका, भांडण टाळा, जमत नसेल तर आपल्या घरी जा.